अर्धी बाभूळ

आज चौथा दिवस, माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. फळ्यावर तारीख लिहायची तर डाव्या हाताने उजवा कोपर उचलून धरावा लागतो आणि चौथीतली पोरं तोंड दाबून हसतात. कारण एक बाभूळ. तीही मेलेली.

पौष लागला की आमच्या यवतमाळकडे पहाटेची थंडी हाडात शिरते. घरात आईच्या काळातला तांब्याचा बंब आहे. आंघोळीचं पाणी गॅसवर तापवायला लागलो तर 14.2 किलोचं सिलिंडर किती दिवस पुरेल, हे गणित मी पोरांना घालतो, स्वतः सोडवत नाही. पऱ्हाट्या-तुराट्या भुर्रकन पेटतात आणि पाणी कोमट व्हायच्या आत राख होतात. लाकूडच पाहिजे. आता ओलं तोडलं तर ते वाळायला वर्ष जातं; ओल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणीच, म्हणजे आधी लाकडातलं पाणी तापवा, मग बंबातलं. बाबा म्हणायचे, जळतन पाहिजे तर उभं मेलेलं झाड पाहावं. आडवं पडलेलं झाड जमिनीची ओल पितं, त्याला उधई, म्हणजे वाळवी, लागते. उभं असतं ते ऊन-वारा खाऊन आपलं आपण वाळतं. तोडा, फोडा, पेटवा.

आमच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अशी एक बाभूळ दोन उन्हाळ्यांपासून उभी होती. साल सुटलेली, फांदीवर टिचकी मारली तरी खणखण वाजणारी. साग, मोह, चिंच, आंबा असता तर 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत बसला असता आणि परवानगीसाठी फिरावं लागलं असतं. बाभूळ त्या यादीत नाही, हे मी आधीच पाहून ठेवलं होतं. मास्तर माणूस, भीती जास्त. आबाजी कोणत्याच यादीत नव्हते, तिथे फसलो.

आबाजी म्हणजे शेजारच्या वावराचे मालक. वय पंचाहत्तर ते नव्वदमध्ये कुठेही. मी पहिला घाव घालायला कुऱ्हाड उचलली आणि मागून आवाज आला.

"सर, काय करून राह्यले?"

"बाभूळ तोडून राह्यलो, आबाजी. मेली ना ती."

"कोनं सांगतलं?"

"दिसते ना. दोन वर्षांपासून पान नाही तिला."

आबाजींनी डोक्याचा दुपट्टा सोडला. खालचं टक्कल कोवळ्या उन्हात काशाच्या वाटीसारखं चमकलं. "पान त माह्या डोक्यावरही नाई. मंग मी मेलो काय?"

याला उत्तर काय देणार? मी घाव घातला. कुऱ्हाड टणकन उडाली आणि माझ्याच गुडघ्याकडे परत यायला निघाली. वाळलेली बाभूळ म्हणजे काय चीज असते, हे बाबांनी सांगितलं नव्हतं. जुने लोक बंडीची चाकं हिचीच का करत, ते त्या एका घावात समजलं. आबाजी धुऱ्यावर ऐसपैस बसले, खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी काढली आणि तळहातावर घोटायला लागले. पुढचे दोन तास त्या पन्नीचा चर्रचर्र आवाज आणि माझा दम, एवढंच त्या शिवारात ऐकू येत होतं. मध्ये मध्ये निकाल.

"इकून नोका मारू, तिकून मारा."

मी तिकडून मारलं.

"आता तिकून काहून मारता? ते इकूनच बरं होतं."

मग म्हणाले, "वरच्या ढोलीत पिंगळ्याचं बिऱ्हाड हाये, पाह्यलं का?" मी कुऱ्हाड टाकून, काटे चुकवत, बंडीवर चढून ढोलीत पाहिलं. आत एक सरडा होता आणि त्यालाही माझी कीव आली असावी. खाली उतरलो तर आबाजी म्हणाले, "मांगच्या साली होतं."

खरं सांगतो, राग आबाजींचा नाही. म्हणजे आहे, पण तेवढाच नाही. दर पावसाळ्यात आम्हा मास्तरांना रोपं लावून त्यांचे फोटो वर पाठवावे लागतात. रोपटं, खड्डा, पोरं आणि हसणारा मास्तर, सगळं एका फोटोत आलं पाहिजे. उन्हाळ्यात त्यांतलं कोणतं जगलं, याचा फोटो कोणीच मागत नाही. आमच्या गावाजवळचा रस्ता रुंद झाला तेव्हा दोन्ही बाजूंची जुनी, हिरवीगार निंबं आठवड्यात गेली. दोन माणसांच्या कवेत न मावणारी. तिथे खर्रा घोटत कोणी बसलं नाही, पानं आहेत की नाहीत हे कोणी विचारलं नाही. आता त्या रस्त्यावर उन्हाळ्यात एसटीची वाट पाहायची तर खांबाच्या सावलीत एकामागे एक उभं राहावं लागतं. आणि चौकशी कोणाची, तर मेलेल्या बाभळीवर कुऱ्हाड चालवणाऱ्या मास्तरची!

तर दोन तासांत बुंध्याला वीतभर खाच पडली. मग आबाजींनी नातवाला फोन लावला. तो मोटारसायकलवर मशीन घेऊन आला, दोरी ओढली, घर्र केलं आणि चार मिनिटांत बाभूळ आडवी. मी आभार मानणार, तेवढ्यात आबाजी उठले, दुपट्टा झटकला आणि शांतपणे म्हणाले, "धुरा अर्धा माहा हाये, सर. अर्धी बाभूळ माही."

"मग दोन तास काय बसले होते?"

"माही अर्धी बराबर पडते का नाई, पाहाले नोको?"

वाटणी त्यांनीच केली. "तुमी शिकलेले मानसं, तुमाले बुंधा घ्या, वजनदार." मला वाटलं, म्हातारा निदान मन मोठं दाखवतो आहे. त्यांचा नातू शेंड्याच्या फांद्या बांधून घेऊन गेला. मी बुंधा बंडीत घातला, घरी आणला, उरलेल्या खांद्याने फोडला.

उभं झाड वरून वाळतं आणि मातीलगतचा बुंधा ओल धरून राहतो, हे मला सोमवारी पहाटे बंबासमोर कळलं. धूर असा की बायकोने मोरीचं दार बाहेरून लावून घेतलं. ढलपीतून उधईची रांग निघाली आणि मोरीभर पसरली. पाणी तापलं नाही, मी तेवढा तापलो. गार पाण्याचे दोन तांबे अंगावर घेऊन, डोळे चोळत ओट्यावर आलो.

समोरून आबाजी येत होते. नुकती आंघोळ केलेली, टकलावरून अजून वाफ निघत होती.

"काय सर, तापलं काय पानी?"