फाइल नेमकी चालवली कुणी?

नमस्कार,

पीएचपी (वेबसाइटसाठी सर्व्हरवर चालणारी प्रोग्रामिंगची भाषा) शिकायला सुरुवात कशी करावी, या माझ्या लेखावर तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: आजच्या काळात मुलांना थेट डॉकर (प्रोग्राम त्याच्या सगळ्या गरजांसकट 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) आणि लारावेल (पीएचपीत साइट उभारायचा तयार सांगाडा) यांवर आणायला हवं, पीएचपीसोबत येणारा साधा सर्व्हर चालवायला शिकवणं म्हणजे त्यांना मागे नेणं, ब्राउझर रिफ्रेश करून बघण्याला मी 'टेस्टिंग' म्हटलं ते चूक, आणि अशा पद्धतीने शिकलेली मुलं नोकरीत पहिल्याच आठवड्यात अडकतात. टेस्टिंगच्या मुद्द्यावर तुमचं म्हणणं मला मान्य आहे, त्यावर खाली लिहितो. पहिला मात्र मला अजिबात पटलेला नाही.

रविवारी माझ्याकडे पाच-सहा मुलं शिकायला येतात. बहुतेकांकडे थोरल्या भावंडाचा जुना लॅपटॉप असतो. पहिल्या दिवशी मी त्यांना दोन ओळींची पीएचपी फाइल लिहायला लावतो आणि मुद्दामच म्हणतो, आता ब्राउझरमध्ये ओढून टाका. पडद्यावर कोड जसाच्या तसा दिसतो, किंवा ब्राउझर फाइल डाउनलोडच करून टाकतो. 'सर, चालत नाही.' मग आम्ही टर्मिनल उघडतो, त्या फोल्डरमध्ये जातो आणि एक कमांड देतो: पीएचपी, वजाचिन्ह, त्याला जोडून कॅपिटल एस, आणि पुढे लोकलहोस्ट (म्हणजे आपलंच मशीन), कोलन, ८०००. (एस लहान टाइप झाला तर 'इनपुट फाइल उघडता आली नाही' असा निरोप येतो. दर रविवारी एकाला तरी तो येतोच.) आता ब्राउझरच्या पत्त्यात लोकलहोस्ट लिहून तीच फाइल मागवली की आजची तारीख दिसते. मी सांगतो, पानाचा सोर्स बघा. तिथे कोडचा मागमूस नसतो, नुसती तारीख.

'सर, कोड गेला कुठे?'

या प्रश्नासाठी मी तो सगळा खटाटोप करतो. ब्राउझरला पीएचपी कळत नाही, त्याने फक्त मागणी केली. फाइल दुसऱ्याच कुणीतरी चालवली आणि उत्तर तेवढं ब्राउझरच्या हाती दिलं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की सर्व्हरवर चालणारं काय आणि ब्राउझरमध्ये चालणारं काय, हा गोंधळ निम्मा तिथेच मिटतो. टर्मिनलमध्ये दर मागणीची नोंद उमटते: वेळ, पत्ता, स्टेटस कोड (मागणीचं काय झालं ते सांगणारा आकडा), मागवलेली फाइल. रिफ्रेश केलं की नवी नोंद. तेवढ्यात ४०४ची, म्हणजे 'सापडलं नाही'ची, एक ओळ दिसते, 'फेव्हिकॉन' नावाची, आणि मुलं विचारतात, हे आम्ही कधी मागितलं? ते ब्राउझरने आपणहून मागितलेलं असतं, टॅबवर छोटं चित्र दाखवण्यासाठी. मागणी आणि उत्तर यांचा हा पाठ कुठल्याही आकृतीपेक्षा पक्का बसतो.

हाच पहिला तास डॉकरने घ्यायचा म्हटला, तर पान न दिसण्याची कारणं किती होतात ते बघा. इमेज (कंटेनरचा तयार साचा) उतरली नाही, पोर्ट जोडलं नाही, फोल्डर कंटेनरला नीट जोडला गेला नाही, विंडोजवर व्हर्च्युअलायझेशन बंद आहे, रॅम पुरत नाही. यातल्या एकाचाही पीएचपीशी संबंध नाही आणि नवशिक्याला ते कळायला मार्ग नाही. तो 'मला जमत नाही' म्हणून उठतो. अशी उठून गेलेली मुलं मी पाहिली आहेत आणि त्याचं मला वाईट वाटतं.

लारावेलबद्दल एक गोष्ट नोंदवतो. तिथे शिकताना सगळेजण 'आर्टिसन सर्व्ह' ही कमांड देतात, ती आतून पीएचपीचा हाच साधा सर्व्हर सुरू करते. हा सर्व्हर २०१२ साली पीएचपी ५.४मध्ये आला. खरी साइट त्यावर चालवू नये, असं पीएचपीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतच स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि तुम्ही तो इशारा दिलात तो योग्यच आहे. मूळ रूपात तो एका वेळी एकच मागणी हाताळतो. म्हणजे तुमच्याच पानाने चालता चालता त्याच सर्व्हरवरचं दुसरं पान मागवलं, तर दोघंही एकमेकांची वाट बघत अडकतात. पण आपल्या मशीनवर एकट्याने शिकायला तो पुरेसा आहे. पत्त्यात लोकलहोस्टच ठेवायचं, चार शून्यांचा पत्ता द्यायचा नाही, नाहीतर त्याच वायफायवरच्या इतरांनाही तुमची पानं उघडता येऊ शकतात. ही सूचना माझ्या लेखात नव्हती. ती आज घातली.

डॉकरचा खरा फायदा मला ठाऊक आहे, आणि तो मी किंमत मोजून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी एका छोट्या संस्थेसाठी साइट केली होती. घरी विंडोजवर सगळं झकास चालायचं. होस्टिंगवर चढवली आणि पांढरं पान. ना निरोप, ना एरर. रात्री दोन वाजेपर्यंत मी कोड उलटसुलट वाचत बसलो. शेवटी एरर लॉग (सर्व्हर चुका नोंदवतो ती फाइल) उघडला तेव्हा एका ओळीत कारण लिहिलेलं: फाइल सापडली नाही. फाइलच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल होतं, ती फाइल जोडणाऱ्या इन्क्लूडच्या ओळीत मी ते लहान लिहिलं होतं. विंडोजला एरवी त्याने फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. घरीच लिनक्स असतं तर ही चूक पहिल्या मिनिटाला पकडली गेली असती. (विंडोजचाच फोल्डर कंटेनरला जोडला असेल तर मात्र ती डॉकरमध्येही लपून राहू शकते.) म्हणून डॉकर शिकवायचंच. पण महिन्या-दोन महिन्यांनी, जेव्हा 'माझ्याकडे चालतं, सर्व्हरवर चालत नाही' हे दुखणं मुलाने स्वतः भोगलेलं असेल.

आता टेस्टिंग. इथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. रिफ्रेश करून बघणं म्हणजे चालवून बघणं. तपासणं त्याच्या पुढचं. आपण स्वतः फॉर्म भरतो तेव्हा नकळत नीटच भरतो, त्यामुळे काय मोडतं ते दिसतच नाही. लेखात मी फॉर्ममध्ये नाव टाकायला सांगितलं होतं आणि नावाची मर्यादा ठेवली होती २०. इंग्रजीत 'ज्ञानेश्वर' लिहायला ११ अक्षरं लागतात, फॉर्म मुकाट्याने घेतो. तेच नाव देवनागरीत टाका. वाचणाऱ्याला ती चार अक्षरं, ज्ञा-ने-श्व-र. पण 'एसटीआरलेन' हे लांबी मोजणारं फंक्शन ३० सांगतं, कारण ते बाइट मोजतं आणि यूटीएफ-८मध्ये (मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. त्याचंच 'एमबी' उपसर्गाचं, चिन्हं मोजणारं फंक्शन वापरलं तर १० येतात, काना, मात्रा, हलन्त सगळे सुटे मोजून. म्हणजे माझ्याच लेखातला फॉर्म माझ्याच भाषेतलं नाव नाकारत होता! तुमची प्रतिक्रिया वाचून मी ते करून पाहिलं तेव्हा हे ध्यानात आलं.

तेव्हा पहिली खरी चाचणी हीच ठेवतो. नाव तपासण्याचा कोड पानातून उचलून वेगळ्या फंक्शनमध्ये न्यायचा. दुसऱ्या एका छोट्या फाइलमधून त्या फंक्शनला रिकामं नाव, नुसत्या स्पेस, ज्ञानेश्वर आणि खूप लांब नाव द्यायचं, आणि अपेक्षित उत्तर आलं नाही तर तसं छापायचं. टर्मिनलमधून ती फाइल चालवायची, ब्राउझर लागतच नाही. मग पीएचपीयुनिटवर (अशा चाचण्या लिहायच्या तयार साधनावर) जायचं. ते नेमकं कुठलं ओझं हलकं करतं, हे तोवर मुलांना उमगलेलं असतं.

दुसरी चाचणी 'कर्ल'ची, म्हणजे ब्राउझरशिवाय टर्मिनलमधून सर्व्हरकडे मागणी पाठवणाऱ्या कमांडची. फॉर्मच्या रकान्याला 'रिक्वायर्ड' (भरणं सक्तीचं) लावलं की मुलांना वाटतं, आता रिकामं काही येणारच नाही. कर्लने तोच फॉर्म थेट सर्व्हरला रिकामा पाठवून दाखवला की चेहरे बघण्यासारखे होतात. ती अट ब्राउझरने पाळलेली असते. सर्व्हरने स्वतः तपासलं नसेल तर आत काहीही येऊ शकतं. पुन्हा तोच प्रश्न: हे चालवलं कुणी?

नोकरीत अडकण्याबद्दल माझा अनुभव वेगळा आहे. मुलं अडकतात ती एरर वाचता न आल्यामुळे. एरर दिसावी म्हणून फाइलच्या सुरुवातीला सेटिंग लिहितात आणि त्याच फाइलमध्ये एक अर्धविराम राहिला की पान तरीही पांढरं, कारण फाइल वाचतानाच पीएचपी थांबलं, ते सेटिंग अमलात यायची वेळच आली नाही. टर्मिनलमध्ये पीएचपीच्या कमांडला लहान एलचा पर्याय देऊन फाइल तपासली असती तर ओळ क्रमांकासकट चूक कळली असती. लॉग कुठे आहे आणि त्यातली शेवटची ओळ काय म्हणते, हे बघायची सवय ज्याला लागली, तो डॉकरमध्येही तरून जातो.

लेखातलं 'टेस्टिंग' हे उपशीर्षक बदलून 'चालवून बघणं' केलं आहे. ज्ञानेश्वरचं उदाहरण, कर्लची चाचणी आणि पत्त्याबद्दलचा इशारा जोडला आहे. डॉकरवरचा लेख पुढच्या महिन्यात लिहीन. तुम्ही रोज वापरता ती, कमी रॅमच्या मशीनवर चालेल अशी मांडणी तुमच्याकडे असेल तर जरूर पाठवा. रविवारी आधी याच मुलांच्या लॅपटॉपवर चालवून बघतो आणि मग लेखात घेतो.