सामायिक बीपी

168/102. डॉक्टरांनी दंडाचा पट्टा सोडला, चष्मा कपाळावर नेला आणि विचारलं, "घरात काही टेन्शन?"

घरात काही नाही, म्हटलं. घराबाहेर, पूर्वेच्या अंगाला हद्दीचा एक दगडी गडगा आहे.

आमच्या देवगड तालुक्यात याहून जास्त खुलासा कुणी मागत नाही. गडग्यापलीकडे माझा चुलतभाऊ राहतो, अण्णा. गडगा वीतभर माझ्या बाजूला सरकलाय असं माझं म्हणणं, दीड वीत त्याच्या बाजूला सरकलाय असं त्याचं. 11 वर्षं आम्ही थेट बोललेलो नाही. जे काय बोलायचं ते बायकांच्या तोंडून, नाहीतर वकिलांच्या.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, मीठ तोडलं आणि रोज 20 मिनिटं ध्यान करा म्हणाले. "ध्यान गोळीसोबत, गोळीऐवजी नाही," हे तीनदा बजावलं. समोर कुठला प्राणी बसलाय हे त्यांनी ओळखलं असावं. मिठाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चमचा. आमच्याकडे तेवढं कोकमाच्या खारट आगळाच्या बाटलीच्या बुचालाच लागलेलं असतं. सुका बांगडा, सोडे, खारातली कैरी अशी आमची यादी मी वाचायला लागलो, तर डॉक्टरांनीच आवंढा गिळला.

ध्यान मुलाने पुण्याहून फोनवर शिकवलं. हर्बर्ट बेन्सन नावाचे हार्वर्डचे हृदयतज्ज्ञ होते, त्यांनी 1975 साली ही सोपी रीत लोकांपुढे मांडली. डोळे मिटून आरामात बसायचं, अंग सैल सोडायचं, दर उच्छ्वासाला मनात एकच शब्द म्हणायचा. मन भरकटलं तर त्याला रागवायचं नाही, 'असू दे' म्हणून परत शब्दावर यायचं. माणूस चिडला की शरीर लढाईला निघाल्यासारखं वागतं, नाडी धावते, रक्तवाहिन्या आवळतात. ध्यानात ते सैन्य माघारी येतं म्हणे. शब्द कुठलाही चालतो. बेन्सनसाहेबांनी 'वन' सुचवला होता, म्हणजे एक.

बोस्टनला चालत असेल. आमच्याकडे 'एक' म्हटलं की पुढे 'गुंठा' आपोआप येतो. एक गुंठा, त्याला लागून सामायिक विहीर, विहिरीवर त्याचा पंप, पंपाला आमची वाट... चौथ्या श्वासाला मी कोर्टात उभा होतो. 'असू दे' म्हणून परत यायचं होतं, पण 'असू दे' म्हणूनच तर वीतभर जमीन गेली!

पहाटे पडवीत बसायचं ठरवलं. सहाला वस्तीची एसटी घरघरली, मग पाववाल्याचा भोंगा, मग पंप. डोळे मिटल्यावर कळलं की पंप तो रोज किती मिनिटं जास्त चालवतो. आतून बायको म्हणाली, "डोळे मिटून बसल्यात, पण कान गडग्यार!"

आठवड्याने डोळा किंचित उघडला (हे नियमात बसत नाही), तर गडग्यापलीकडे खळ्यात अण्णा. मांडी घातलेली, डोळे मिटलेले. बायकांकडून कळलं, त्याचं 170. डॉक्टर तेच, गोळी तीच, ध्यानही तेच. सातबाऱ्यावर विहीर सामायिक आहे तसं आमचं बीपीही सामायिक निघालं. फक्त 2 अंक त्याने जास्त घेतले होते. तेही नेहमीचंच.

मग रोज सकाळी दोघे समोरासमोर, मध्ये गडगा. आधी कोण उठतो यावर सगळं. माझी 20 मिनिटं 30 झाली, त्याचीही. मार्चअखेरीला एका सकाळी कलमांवर धडाधड उड्या पडल्या. वानरं. एरवी आम्ही डबे बडवत धावलो असतो. पण आधी जो ओरडेल त्याचं ध्यान मोडणार. मी डोळे घट्ट मिटले. पलीकडून हूं नाही की चूं नाही. वरून अर्धवट खाल्लेला हापूस माझ्या मांडीवर पडला. मी उच्छ्वास सोडला आणि मनात म्हटलं, एक. मग दोन, तीन करत पेटीभर मोजले.

ध्यान संपल्यावर बीपी घेतलं. 5 मिनिटं गप्प बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, सगळं रीतसर. 158/96. बायकोने कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवलं.

दोन महिन्यांत 138/86 पर्यंत आलो. श्रेय गोळीचं, मिठाचं की बेन्सनसाहेबांचं, हे डॉक्टरही सांगेनात. त्याच दिवशी पलीकडून वहिनी गडग्याशी आली. "वैनी, ह्येंका बीपीचा मशीन व्हया." त्यांच्या मशीनची नळी उंदराने कुरतडली होती. मी ध्यानात होतो, म्हणून उदार होतो. मानेने हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मशीन परत आलं. पट्टा बांधला, बटण दाबलं, काही नाही. मागचं झाकण उघडलं. आत सेल नाहीत.

बायको गडग्यापर्यंत जाऊन आली. आमचे सेल तिथे गेल्यावर संपले होते. "आत घातलेले सेल त्येंचे होते, म्हणान काढून घेतल्यानी." आमचे चारही मेलेले सेल त्याने कागदात नीट गुंडाळून परत पाठवले होते.

कायद्याने त्याचं बरोबर होतं. त्या सकाळी माझं बीपी किती होतं, ते मात्र कॅलेंडरवर नाही.