हॉर्न्सबीचं इंजिन डिझेलने ढापलं?

जुन्या इंजिनांचा नाद असलेल्यांमध्ये एक दावा सारखा फिरत असतो: ‘डिझेल इंजिनाचा खरा जनक हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट हा इंग्रज. इंग्लंडमधल्या ग्रँथमच्या हॉर्न्सबी कंपनीने तेच इंजिन आधी विकलं, रुडॉल्फ डिझेलने ते ढापलं आणि हॉर्न्सबीचं नाव पुसलं गेलं.’

‘आधी विकलं’ हे खरं. स्टुअर्टचं पेटंट 1890चं. हॉर्न्सबीची इंजिनं 1892 पासून विकली जात होती. डिझेलचं इंजिन जर्मनीत आउग्सबुर्गला धड चाललं ते 1897 मध्ये.

‘तेच इंजिन’ मात्र साफ चूक. हॉर्न्सबी-अक्रॉइड, म्हणजे स्टुअर्टचं हे इंजिन, चालू कसं करायचे ते बघा. सिलिंडरच्या टोकाला व्हेपोरायझर, म्हणजे बिडाचा एक फुगा. त्याच्याखाली दिवा पेटवायचा, फुगा चांगला तापेपर्यंत काही मिनिटं थांबायचं, मग फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, हाताने फिरवायचं. पंपाने आत ढकललेलं तेल त्या तापल्या फुग्यात पेट घ्यायचं. इंजिनाने एकदा लय पकडली की आतल्या जाळावरच फुगा गरम राहायचा आणि दिवा काढता यायचा. लोड फारच उतरला तर फुगा निवायचा, की पुन्हा दिवा! कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातली हवा किती पट दाबली जाते ते, जेमतेम तीनास एक. एवढ्याने नुसती हवा तेल पेटवण्याइतकी तापत नाही. डिझेलचा सगळा हट्ट याच्या उलट होता: हवाच इतकी दाबा की तिच्या उष्णतेने तेल पेटेल, दिवा नको न् फुगा नको. त्याच्या 1897च्या इंजिनाने तेलातल्या सुमारे 26 टक्के उष्णतेचं काम करून दाखवलं, ते त्या दाबाच्या जोरावर.

हॉर्न्सबीतही 1892 मध्ये फुगा काढून जास्त कॉम्प्रेशनचा प्रयोग झाला होता, असं स्टुअर्टचे कैवारी सांगतात. झाला असेलही. गिऱ्हाइकाच्या दारात आलं ते फुग्याचंच.

‘ढापलं’ म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. स्टुअर्टच्या इंजिनातली सगळ्यात उचलण्याजोगी गोष्ट कोणती? नुसत्या पंपाने तेल आत सोडणं. डिझेलला नेमकं तेच जमलं नव्हतं. तो दाबलेल्या हवेच्या झोताने तेल फवारायचा, आणि त्यापायी इंजिनाला एक बोजड कॉम्प्रेसर जन्मभर वागवावा लागायचा. चोराने तिजोरी सोडून उंबरठा उचलून नेला म्हणायचा! पुढे कॉम्प्रेसर गेला, पंप राहिला. आज ट्रकचं डिझेल इंजिन फुग्याशिवाय चालतं, पण त्यात तेल पंपच ढकलतो. स्टुअर्टचं श्रेय इथे आहे आणि त्यासाठी कुणाला चोर ठरवावं लागत नाही.

राहिलं ‘नाव पुसलं’. हॉर्न्सबी 1918 मध्ये लिंकन शहरातल्या ‘रस्टन, प्रॉक्टर’ कंपनीत मिसळली आणि ‘रस्टन अँड हॉर्न्सबी’ झाली. आपल्याकडे त्या नावाला एवढा भाव होता की एकाने आपल्या इंजिनांवर ‘रुस्तम इंडिया’ लिहिलं, आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1969 मध्ये निकाल लागला: ‘रुस्तम’ हे ‘रस्टन’शी फसवं साम्य असलेलं नाव आहे, पुढे ‘इंडिया’ जोडून सुटका नाही.