शरणपूर वगळून कसं चालेल?

‘वंशवादावरचं संशोधन ही अमेरिकेची गरज, आपल्याला जात समजली की पुरे’ हे तुमच्या लेखमालेतलं वाक्य मला नाशिककर म्हणून अजिबात पटलं नाही. गुलामांच्या जहाजांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकात आमच्या नाशिकमधल्या शरणपूरच्या ख्रिस्ती मिशनमध्ये वाढली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांतलाच पूर्व आफ्रिकेतल्या याओ जमातीचा जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरणारा स्कॉटिश मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन वारला आणि त्याचं हृदय तिथेच पुरलं, तेव्हा प्रार्थना त्याने वाचली, झाडावर अक्षरंही त्यानेच कोरली. १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. पण त्याचं जन्माचं नाव कुणाला ठाऊक आहे? ‘जेकब वेनराइट’ हे मिशनने दिलेलं. १८७५ नंतर शरणपूरच्या या आफ्रिकनांतले बरेच जण मोम्बासाजवळच्या फ्रीरटाऊनला गेले आणि तिथेही ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणूनच ओळखले गेले. शरणपूर रोडवरून मी रोज जा-ये करते, शाळा-कॉलेजही इथेच झालं, तरी हे एका शब्दाने कुणी सांगितलं नव्हतं. इतिहासकारांचे लेख शोधून वाचले तेव्हा कळलं.

आणि जात समजली की सगळं समजतं, हेही खरं नाही. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच, असं बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडलं होतं. आमच्या सोसायटीत राहणाऱ्या मणिपूरच्या मुलीला भाजीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळे ‘चिनी’ म्हणतात. तिची जात कुणी विचारत नाही, चेहरा बघूनच ठरवतात. या वागण्याचं काय करायचं, ते लेखकाने पुढच्या भागात जरूर लिहावं.