तीन बोटं, पाच तारा

सी मेजर ही गिटारवरची सोपी कॉर्ड आहे, असं कोणी सांगितलं की आधी त्याच्या डाव्या हाताच्या बोटांची टोकं चाचपून बघावीत. टणक लागली तर त्याचं म्हणणं खरं आहे, पण त्याच्यापुरतंच. ठाण्यात हे वाक्य पावसाळ्यात फार ऐकू येतं. दिवाळीच्या पहाटे राम मारुती रोडवर आणि तलावपाळीला सगळं तरुण ठाणं नटूनथटून उभं असतं. तिथे आपल्या हातात गिटार असावी, असा विचार ऑगस्टच्या सुमारास बऱ्याच घरांत उगवतो. म्हणजे गिटार घरात येते ती ऐन दमट हवेत. या वाद्याशी ओळख करून घ्यायला याहून वाईट मुहूर्त नाही. तो का वाईट, ते पुढे येईलच.

कागदावर ही कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायच्या स्वरांची ही जुडी, निरुपद्रवी दिसते. फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवर, नेकवर, बसवलेल्या आडव्या पट्ट्या. पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला अनामिका, चौथीवर दुसऱ्या फ्रेटला मधलं बोट, दुसरीवर पहिल्या फ्रेटला तर्जनी. तिसरी आणि पहिली मोकळी. सहावी वाजवायची नाही. करंगळीला सुट्टी. तारा मोजायच्या त्या बारीक तारेपासून, म्हणजे मांडीकडून हनुवटीकडे. हे कोणी सांगत नाही. मग घरात एकजण वरून मोजतो, दुसरा खालून, आणि जो आवाज निघतो त्याला कुठल्याच पुस्तकात नाव नाही.

घरात पेटी असेल तर कामाला लागते. सी म्हणजे पांढरी एक. तिला सा धरला तर कॉर्डमध्ये आहेत सा, ग आणि प, एवढेच तीन स्वर. पाचव्या तारेवर सा, चौथीवर शुद्ध ग, मोकळ्या तिसरीवर प, दुसरीवर वरचा सा, मोकळ्या पहिलीवर वरचा ग. सहावी तार मोकळी सोडली तर तिच्यात मंद्रातला ग आहे. म्हणजे स्वर परका नाही, पण तो सा च्या खाली जाऊन बसतो आणि कॉर्डचा पाया डळमळतो. म्हणून तिला गप्प ठेवायचं. अनामिकेचं टोक तिला किंचित टेकलं की झालं. पिकवर, म्हणजे तारा छेडायच्या चकतीवर, भरवसा ठेवून नुसती ती तार चुकवू म्हणणारे पहिल्याच जोरकस स्ट्रोकला तिच्यावर आदळतात.

आता खरी गंमत. मेजर आणि मायनर यांत फरक फक्त गंधाराचा. शुद्ध ग म्हणजे मेजर, कोमल ग म्हणजे मायनर. या कॉर्डमध्ये ग दोनच ठिकाणी आहे, चौथ्या तारेवर आणि पहिल्या. आणि नवख्या हाताने नेमक्या याच दोन तारा बुजतात. अनामिका पाचवीवर आडवी पडते आणि चौथीला दाबून टाकते, तर्जनी दुसरीवर कलते आणि पहिलीला अंग लावते. उरतात सा, प, सा. पोरगं घामाघूम होऊन ज्याला सी मेजर म्हणतं ते ना मेजर असतं ना मायनर. आई स्वयंपाकघरातून म्हणते, ‘‘तंबोरा लावतोयस का रे?’’ आणि ती फारशी चुकीची नसते, कारण तंबोऱ्याच्या तारा तरी दुसऱ्या कुठल्या असतात?

यावर इलाज एकच, सगळ्या तारा एकदम झणकारायच्या नाहीत. कॉर्ड धरायची आणि पाचवीपासून पहिलीपर्यंत एकेक तार सावकाश छेडायची. जी ‘ठप्प’ म्हणेल तिच्यावर कोणाचं तरी अंग पडलेलं आहे. जी ‘झर्र’ करते तिच्यावरचं बोट फ्रेटपासून लांब आहे किंवा दाब कमी आहे. बोट दोन फ्रेटच्या मध्यभागी नको आणि फ्रेटच्या पट्टीवरही नको, तिच्या लगेच अलीकडे हवं. तिथे निम्म्या जोरात काम होतं. चौथी ठप्प असेल तर दोषी अनामिका. तिसरी ठप्प असेल तर मधलं बोट, आणि मग प गेला, कारण या कॉर्डमध्ये प एकच आहे. पहिली ठप्प असेल तर तर्जनी, दहातल्या नऊ वेळा. दहाव्या वेळी तळहात नेकला खालून चिकटलेला असतो.

बोटं तारेवर उभी हवीत, शेवटचा सांधा वाकलेला. लोकलच्या चौथ्या सीटवरच्या माणसासारखं अर्धं स्वतःच्या जागेवर आणि अर्धं शेजाऱ्यावर असं बसून चालत नाही. यासाठी डाव्या हाताची नखं पार कापावी लागतात. नख आधी लाकडाला टेकलं की बोट आडवं होणारच, त्याला दुसरा रस्ताच नाही. अंगठा नेकच्या मागे, साधारण मधल्या बोटाच्या समोर. मनगट थोडं पुढे, तळहात आणि नेक यांच्यामध्ये जागा. आणि आपली बोटं नीट दिसावीत म्हणून गिटार मांडीवर उताणी पाडायची नाही. हे सगळेच करतात. गिटार उताणी झाली की मनगट पिळलं जातं आणि जी बोटं बघण्यासाठी हा खटाटोप केला तीच आडवी पडतात. फ्रेटबोर्डच्या वरच्या कडेला ठिपके असतात ते याच कामासाठी. तिथून मोजावं.

इतकं करूनही तर्जनी पहिल्या फ्रेटला हरत असेल, तर मी म्हणेन की स्वतःला शिव्या देण्याआधी गिटार तपासा. स्वस्त गिटारमध्ये नट, म्हणजे डोक्याजवळची ती खाचांची पांढरी पट्टी, बऱ्याचदा उंच ठेवलेली असते. तार तिसऱ्या फ्रेटला दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट राहते ते बघा. कागद जेमतेम सरकेल एवढीच हवी. नुसत्या डोळ्यांनी ठसठशीत दिसत असेल तर खाचा खोल करून घ्याव्या लागतात. हे काम दुरुस्तीवाल्याचं. घरातल्या कानशीने करू नये, कारण खाच जास्त खोल गेली की मोकळी तार कायमची झर्र करत राहते. मग बाराव्या फ्रेटवर पट्टी धरून तार आणि फ्रेट यांतलं अंतर मोजा. सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास, पहिलीखाली दोन, एवढं ठीक. चार भरलं तर ती गिटार शिकण्यासाठी नाही, व्यायामासाठी आहे. खाली तारा जिथे अडकवलेल्या असतात तो ब्रिज. त्याच्यावरचं सॅडल, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, घासून अंतर कमी करता येतं. बाराव्या फ्रेटला एक मिलिमीटर उतरवायचं तर सॅडल दोन मिलिमीटर घासावं लागतं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. हिशेब चौथीच्या वर्गातला आहे, पण घासलेलं सॅडल परत वाढत नाही.

आणि आता तो मुहूर्त. अकूस्टिक गिटारला पन्नास टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता मानवते. जुलै-ऑगस्टमधली ठाण्याची हवा तिथे फिरकतही नाही. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचा डोंगर, आणि घरात दोरीवर तीन दिवसांचे कपडे. लाकूड ओलावा पितं, वरची फळी ब्रिजजवळ फुगते, ब्रिज वर जातो आणि तारा फ्रेटपासून लांब जातात. मे महिन्यात बरी दबणारी कॉर्ड श्रावणात दबत नाही, त्यात बोटांचा दोष नसतो. गिटार खिडकीजवळच्या भिंतीवर टांगणं शोभेचं असेल, पण तिची जागा केसमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुड्या ओल्या झाल्या की बदलायच्या. वाजवून झालं की तारा कोरड्या कापडाने खालून-वरून पुसायच्या. तारा गंजू नयेत म्हणून खोबरेल तेल चोळण्याचा घरगुती सल्ला नम्रपणे ऐकावा आणि सोडून द्यावा.

तारांचा सेटही पाहावा. पुष्कळ गिटारींवर बारा ते त्रेपन्नचा सेट असतो, म्हणजे पहिली तार 0.012 इंच जाड आणि सहावी 0.053. सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या वर जातो. नवख्याने दहाचा, म्हणजे एक्स्ट्रा लाइट सेट लावला तर आवाज थोडा पातळ येतो, पण बोटं वाचतात. माझ्या मते पहिल्या वर्षात हा सौदा डोळे मिटून करावा.

घोडबंदर रोडवरून नौपाड्यातल्या क्लासला जाणाऱ्यांचं आणखी एक दुखणं आहे. शेअर रिक्षात गिटारला वेगळी सीट मिळत नाही. ती दोन माणसांच्या मांडीवर बसते आणि तिचं डोकं बाहेर राहतं. रिक्षा प्रत्येक खड्ड्यात ट्यूनिंगच्या खुंट्या कुठे ना कुठे आपटवते. क्लासला पोचेपर्यंत दुसरी तार हमखास उतरलेली असते, आणि कॉर्ड अचूक धरूनही भेसूर लागते. म्हणून डोक्याला चिमट्याचा ट्युनर लावून आधी सहाही तारा तपासायच्या, सहावीपासून पहिलीपर्यंत: ई, ए, डी, जी, बी, ई. तार वर चढली असेल तर थेट खाली आणून थांबू नये. आधी जास्त उतरवायची आणि मग चढवत सुरात आणायची, म्हणजे खुंटीतला ढिलेपणा निघतो आणि तार टिकते.

दुखण्याबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही, ते दुखतंच. रोज पंधरा-वीस मिनिटं वाजवलं तर साधारण तीन-चार आठवड्यांत घट्टे धरतात. रविवारी सलग तीन तास वाजवून सोमवार ते शनिवार सुट्टी घेतली तर धरत नाहीत, फक्त फोड येतात. भांडी घासून किंवा आंघोळ करून लगेच बसू नये, ओली बोटं तारेवर लवकर कापतात.

कॉर्ड एकदा वाजली की ती सोडून पुन्हा धरण्याची पाळी येते, आणि तिथे बहुतेकजण गळतात. सवयीने आधी तर्जनी टेकते, मग मधलं, आणि अनामिका शेवटी पाचवी तार शोधत फिरते. पण स्ट्रोक वरून येतो, त्याला पहिली गाठ पाचव्या तारेशीच पडते. म्हणून अनामिका आधी बसवण्याची सवय लावावी. मेट्रोनोम, म्हणजे ठेक्यासाठी टिकटिक करणारं यंत्र, मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवायचा, चार ठोके कॉर्ड धरायची, चार ठोके हात उचलून मांडीवर ठेवायचा, पुन्हा धरायची. खालच्या मजल्यावरच्यांना हे सलग ऐकू येतं. त्यांना एकाच कॉर्डचा कंटाळा आला असेल तर अनामिका पाचव्या तारेवरून उचलून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवा. बाकी दोन बोटं हलवायची नाहीत. ही झाली ए मायनर. एका बोटात दुसरी कॉर्ड, एवढं स्वस्त गिटारवर पुढे काही मिळत नाही. एफ ही कॉर्ड तर नाहीच.

सगळ्या पाच तारा स्वच्छ वाजल्या, ट्युनरचा हिरवा दिवा लागला, की घंटाळीकडे राहणारी कोणी गाणं शिकलेली काकू येते, ऐकते आणि म्हणते, ‘‘छान रे. गंधार तेवढा जरा चढा लागतोय.’’ वाद घालू नये, ती बरोबर आहे. सप्तकाचे बाराशे भाग केले तर एक भाग म्हणजे एक सेंट. तंबोऱ्यातून आपोआप निघतो तो गंधार सा पासून 386 सेंटवर असतो, गिटारचे फ्रेट त्याला 400 वर बसवतात. हा चौदा सेंटचा फरक तयार कानाला कळतो. पहिली तार तेवढी उतरवून काकूंचं समाधान करता येतं, पण मग ई मेजर धरली की तीच तार तिथे सा असते आणि तो उतरलेला लागतो. सप्तकाचे बारा समान तुकडे केले की हे होणारच. काकूंच्या घरच्या पेटीतही बहुधा तेच बारा समान तुकडे असतात आणि गंधारही तेवढाच चढा. हे त्यांना सांगायचं असेल तर चहा आणि चकल्या पदरात पडल्यावर सांगावं.