बारक्याला शिव्या घालणाऱ्या समस्त नातेवाईकांस

आमच्या फॅमिली ग्रुपवर आज सकाळपासून एका सातवीतल्या पोराची चिरफाड चाललीय. ग्रुपचं नाव ‘आपुलकी’. तिथं लिहिलं असतं तर काकांनी गुलाबाचं फूल टाकून विषय मिटवला असता, म्हणून इथं लिहितोय. पोस्ट मोठी होणार आहे, आधीच सांगतो. ग्रुपातले निम्मे इथंही आहेत, त्यांनी वाचावी म्हणूनच लिहितोय.

तर, माझा भाचा. घरात सगळे बारका म्हणतात. बारक्यानं मोबाईलवरच्या गेमपायी माझ्या आईच्या पेन्शनच्या खात्यातून पैसे उडवले. पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं. ८० रुपये, खाली परत ८०, मग २४०, परत ८०, असं पान भरून. आईला म्हटलं, अगं मेसेज येत नव्हते का? तर म्हणाली, “यायचे की. मला वाटलं बँकच कापतीय. तसं पण ते कायतरी कापतातच.”

हसू आलं असेल तर हसा. मला पण आलं. पुढचं हसण्यासारखं नाही. दाजींनी पोरावर हात उचलला, फोन काढून घेतला आणि वर झाला प्रकार ग्रुपवर टाकला. मग काय, सगळ्यांना तोंडच फुटलं. एक मावशी म्हणाल्या, व्यसन लागलंय, डॉक्टरला दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घातला, ती यादी २०२२ पासून लागू झाली, आणि त्यातसुद्धा साधारण वर्षभर लक्षणं दिसली पाहिजेत असं आहे. मावशींनी दोन मिनिटांत निदान केलं. एका काकांनी ‘मोबाईलने पिढी गिळली’ असला फॉरवर्ड टाकला. मोबाईलवरनंच टाकला.

आता मला एक सांगा. आईच्या फोनवर पैसे पाठवायचं ॲप कुणी घालून दिलं? बारक्यानं. पिन कुणी ठरवला? बारक्यानं. आईला आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून पिन पाठ कुणाला? लाईट बिल भरायचं, गॅसचा नंबर लावायचा, काकांच्या त्या गुलाबाच्या फुलांनी भरलेला फोन रिकामा करून द्यायचा, या सगळ्याला बारका हुशार. पोरगं नव्हे, कॉम्प्युटर आहे कॉम्प्युटर, हे याच ग्रुपवर लिहिलेलं मी वाचलंय. आज तेच पोरगं चोर.

पैसे घेतले हे वाईटच केलं. त्यात मी त्याची बाजू घेत नाही. आजीच्या पैशाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे त्याला मी पण सुनावलंय. पण सुनावल्यावर तो जे बोलला ते तुमच्यापैकी कुणी ऐकलंच नाही, कारण विचारलंच नाही. मान खाली घालून म्हणाला, “मामा, मी पैसे कुठं खर्च केले? डायमंड घेतले.”

मी गप्पच झालो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गेम फुकट असतो. आत गेलं की दुकान असतं. तिथं रुपये चालत नाहीत, आधी रुपयांचे डायमंड घ्यायचे, मग डायमंड देऊन कपडे, बंदुकीचा रंग, नाचायची स्टाईल असलं घ्यायचं. डायमंड ज्या गठ्ठ्यात विकतात आणि वस्तूची किंमत ज्या आकड्यात असते ते सहसा जुळतच नाही. थोडे कमी पडतात, म्हणून अजून एक गठ्ठा. नाहीतर थोडे उरतात, म्हणून अजून एक गठ्ठा. आणि चांगल्या वस्तू तर थेट विकतच नाहीत. चक्र फिरवायचं, लागलं तर लागलं. शेजारी घड्याळ उलटं पळत असतं, ऑफर संपत आली, संपत आली. आमच्या कोल्हापुरात मटका काय असतो हे कुणाला शिकवायची गरज नाही. आकडा लावणाऱ्या माणसाला निदान कळतं तरी की आपण आकडा लावतोय, आणि तो चारचौघांत तोंड लपवून लावतो. बारक्याला वाटतं आपण खेळतोय. “मामा, पुढच्या स्पिनला मिळणारच होतं.” हे वाक्य तेरा वर्षांच्या पोराच्या तोंडून ऐकून बघा एकदा.

बेल्जियमनं २०१८ साली असल्या नशिबाच्या पेट्यांना, म्हणजे पैसे भरून उघडायच्या आणि आत काय निघेल ते नशिबावर, सरळ जुगार ठरवलं. चीननं त्याच्या आधी, २०१७ पासून, कंपन्यांना कुठली वस्तू निघायची शक्यता किती ते जाहीर करायला लावलं. आपल्याकडं २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा झाला. झाला ते उत्तमच, कित्येक घरं बुडाली होती. पण बारका पैसे लावतो आणि जिंकतो काय, तर चित्रातलं जाकीट. ते विकून परत पैसे येत नाहीत. त्याचं चक्र फिरतंच आहे.

‘सगळे गेम बंद करा’ म्हणणाऱ्यांनी तर बोलूच नये. पबजी २०२० च्या सप्टेंबरात बंद केला, तो काय पोरांच्या काळजीनं नव्हे, चीनच्या भानगडीपायी. वर्षाच्या आत दुसऱ्या नावानं आला. २०२२ ला परत गेला, २०२३ ला परत आला. पोरांचं काही अडलं नाही.

आणि ‘आमच्या वेळी’वाले. काका, तुमच्या वेळचं मला ठाऊक नाही, पण माझ्या वेळी आमच्या पेठेत तालमीच्या मागच्या बोळात व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, आणि ग्रुपवर आज मैदानी खेळाचं महत्त्व सांगणारा माझा चुलतभाऊ तिथंच पडीक असायचा. नाणं टाकायचं, तीन जीव मिळायचे, मेला की बाजूला सरक. नाणी संपली की मालक कॉलर धरून घरी पाठवायचा. पुढं घरोघरी टीव्हीला जोडायचे डबे आले. पिवळी कॅसेट, वर छापलेलं ९९९९ गेम, आत निघायचे दहा-बाराच, तेच फिरून फिरून. तरी आम्ही खूश. काँट्रा गेम आठवतोय का? सुरुवातीलाच वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं, मग बी आणि ए ही बटणं. तीस जीव! आणि फुकट. गेम बनवणाऱ्यांनीच ठेवलेली पळवाट होती ती. पेठेतल्या पेठेत तोंडी फिरली, कुठल्या शाळेत शिकवली नव्हती. आज तेच तीस जीव डायमंडला विकले असते. शेवटच्या राक्षसाला मारलं की गेम संपायचा, टीव्ही बंद, जेवायला चला. बारक्याचा गेम संपतच नाही. सीझन संपतो आणि दुसऱ्या दिवशी नवा सुरू होतो. एक दिवस उघडला नाही तर रोजचं बक्षीस बुडतं. पोराला सोडू नये म्हणून मोठमोठ्या शिकलेल्या माणसांनी डोकं लावून बनवलंय ते, आणि आपण म्हणतो पोराचा स्वतःवर ताबा नाही. ताबा दाजींचा तरी आहे का? रात्री बारापर्यंत रील बघतात. दाजी, राग मानू नका. माना खरं तर.

बरं, गेमनं काही चांगलं होतच नाही असं पण नाही, तेवढं मान्य. बारक्याला फुटबॉलमधला ऑफसाइड गेममुळंच कळला. शाहू स्टेडियमवर मॅच बघायला नेलं तर मलाच समजावून सांगत होता, आणि पेठेची मॅच असल्यामुळं आजूबाजूचे ज्या भाषेत रेफरीला समजावत होते ती पण शिकला. आशियाई स्पर्धेत २०२३ ला ई-स्पोर्ट्सला पदकं दिली, ते पण ऐकलंय. दिली असतील.

मैदानावर खेळा म्हणायला सोपं आहे. आमच्या अनिकेत जाधवनं २०१७ ला सतरा वर्षांखालचा फुटबॉल वर्ल्ड कप खेळला तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण त्याच वेळी आपल्याच अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये ‘खेळण्यास सक्त मनाई’ची पाटी लावली ती कुणी? गाडीची काच फुटते म्हणून. गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी साचतं. पोरगं घरात बसलं की निदान डोळ्यापुढं राहतं, असं ताईच म्हणायची. म्हणायचीस ना, ताई?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. खरं सांगायचं तर आता वाईटच जास्त वाटतंय. कारण बारक्यानं अजून एक सांगितलं, ते पैशापेक्षा जास्त लागलं. म्हणाला, “वर्गात सगळ्यांच्या गेममधल्या माणसाला ड्रेस हायत. माझाच तेवढा साधा. टीममध्ये घेत नाहीत, नूब म्हणतात.” नूब म्हणजे कच्चा, नवशिका. शाळेत गणवेश कशाला असतो? कुणाच्या बापाकडं किती आहे ते पोरांच्या अंगावर दिसू नये म्हणून. चार वाजता शाळा सुटते, गणवेश उतरतो, आणि पोरं जिथं रोज संध्याकाळी भेटतात तिथं अंगावर कुणाच्या काय आहे यावरच सगळं चालतं. ताई-दाजी ओढाताण करून घर चालवतात हे त्याला कळतं, म्हणून बापाकडं मागितलं नाही. आजीचं खातं त्याला घरातलं सगळ्यात श्रीमंत वाटलं. पेन्शन किती आहे ते मला माहीत आहे, म्हणून हे लिहिताना घशात येतंय.

आई तर म्हणते, “गेले तर गेले, पोराला मारलं कशाला?” ग्रुपवर ज्यांचे पैसे गेले नाहीत तेच बोंबलतायत.

मला एवढंच पाहिजे, लहान पोरं खेळतात त्या गेममध्ये नशिबाचं चक्र नको, आणि किंमत रुपयात, मराठीत, मोठ्या अक्षरात दिसू दे. चारशे रुपयांचं जाकीट घ्यायचं का, हे बारक्याला तसं विचारलं असतं तर त्यानं घेतलं नसतं. पायातल्या बुटाला भोक पडलं तरी महिनाभर बोलला नव्हता तो. आमदार-खासदारांच्या ओळखीचे बरेच लोक माझ्या यादीत आहेत, एरवी सेल्फी टाकता, हे पण कानावर घाला की.

दाजी, फोन परत देऊ नका, तुमचा निर्णय. पण रविवारी पोराला माझ्याकडं पाठवा. आणि बाकीच्यांनी कमेंटमध्ये ‘पेरेंटल लॉक बसवा’ म्हणून शहाणपणा शिकवू नये. बसवलेला आहे. बारक्यानंच बसवलाय. दाजींना पासवर्ड ठाऊक नाही.