वर्गप्रतिनिधी निवडायची अक्कल आम्हाला नाही म्हणे

काल तिसऱ्यांदा परीक्षा विभागाच्या खिडकीवर जाऊन आलो, मी आणि माझी रूममेट. तिच्या मार्कशीटवर एका विषयापुढे 'एबी' छापून आलंय. म्हणजे गैरहजर. अरे, मी तिच्या मागच्याच बाकावर होते! तीन पुरवण्या घेतल्या बाईने. बांधायला दोरा मागितला तर सुपरवायझर मॅडम खेकसल्या, "मघाशी नाही का मागता आला?" गैरहजर माणसावर कोणी खेकसतं का?

खिडकीतले काका म्हणाले, कॉलेजचं पत्र आणा. कॉलेजने सांगितलं, पत्र आम्ही कधीच पाठवलंय, विद्यापीठात विचारा. विद्यापीठात विचारलं तर आवक-जावकला नोंद नाही. काल सगळे कागद पुन्हा घेऊन गेलो, तर "साहेब मीटिंगला आहेत, सोमवारी या." काल मंगळवार होता. म्हणजे आणखी सहा दिवस. आणि तिकडे तिच्या नोकरीचं कागदपत्रं द्यायचं शेवटचं पत्र येऊन पडलंय.

मग माझ्या डोक्यात आलं, आपल्याकडे विद्यार्थी परिषद नावाची काहीतरी भानगड आहे ना? फीच्या पावतीवर तिच्या नावाने पैसे कापतात. सचिव कोण म्हणून फलक शोधला. तो निघाला आमच्याच वर्गातला, पहिल्या बाकावरचा, अतिशय सज्जन मुलगा. त्याला गाठलं. तो घाबरलाच. म्हणाला, "मी सचिव आहे हे मलाही फलकावरूनच कळलं गं." वर्षभरात काम काय केलं? स्नेहसंमेलनात पाहुण्यांना पुष्पगुच्छ दिला आणि माईक धरला. परिषदेची बैठक एकदा झाली. तिच्यात सरांनी ठराव वाचला, यांनी सह्या केल्या, समोसे आले. त्याच्यावर मला रागही धरता येईना. मार्क जास्त म्हणून त्याला उभं केलं, त्याने मत मागितलं नव्हतं, आम्ही दिलं नव्हतं. मग तो आमच्यासाठी साहेबांच्या केबिनचं दार कशाला वाजवेल?

आता कोणीतरी म्हणणारच, निवडणुका झाल्या तर हाणामाऱ्या होतात. माहितीये. मामा सांगतो ना, कॉलेजाकॉलेजात जीएस, म्हणजे जनरल सेक्रेटरी निवडून आणायचे, मग ते जीएस मिळून यूआर, म्हणजे विद्यापीठ प्रतिनिधी निवडायचे, आणि मोजकीच मतं असल्यामुळे मतदार मुलांना मतदानापर्यंत गाड्यांत घालून कुठेतरी रिसॉर्टवर नेऊन ठेवायचे. १९८९ साली मुंबईत निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. भयंकरच होतं ते. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकाच गुंडाळल्या आणि मार्कांवर नेमणुका सुरू झाल्या. पण मला सांगा, ग्रामपंचायतीला डोकी फुटत नाहीत? म्हणून ग्रामपंचायत बंद केली का कोणी? आणि आमदारांना रिसॉर्टवर नेऊन ठेवायचं म्हणाल तर, जाऊ दे, त्यावर न बोललेलंच बरं. माझी मावसबहीण २३ व्या वर्षी गावात पंचायत सदस्य झाली. गटारीच्या निविदेवर सही करते. मीही २३ चीच. लोकसभेला मत दिलं, विधानसभेला मत दिलं. फक्त आमच्या ६० जणांच्या वर्गाचा प्रतिनिधी कोण, हे ठरवायची अक्कल मला अजून आलेली नाही.

बरं, कायदा नाही म्हणावं तर तोही आहे! महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६. त्यात खुल्या निवडणुका लिहून ठेवल्यात. अध्यक्ष, सचिव, वर्गप्रतिनिधी, मुलींची प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी, सगळं. तेव्हा केवढी पाठ थोपटून घेतली होती, पंचवीस वर्षांनी कॅम्पसमध्ये लोकशाही परत आली वगैरे. २०१९ च्या पावसाळ्यात वेळापत्रकही लागलं. मग विधानसभा जवळ आली म्हणून निवडणुका पुढे ढकलल्या. मग कोविड. त्या ढकलण्यापासून आजवर दोन विधानसभा झाल्या, एक लोकसभा झाली, मुख्यमंत्री बदलले, पक्ष फुटले, चिन्हं इकडची तिकडे गेली. आमची वर्गप्रतिनिधीची निवडणूक पुढे ढकललेली आहे ती आहेच.

आणि हे ढकलणारे कोण? शरद पवार बीएमसीसीत असताना विद्यार्थ्यांच्या निवडणुकीतून वर आले. प्रमोद महाजन, गोपीनाथ मुंडे अभाविपच्या, म्हणजे अखिल भारतीय विद्यार्थी परिषद या संघटनेच्या कामातून घडले. फडणवीस अभाविपतले, चंद्रकांत पाटील अभाविपतले. स्वतः ज्या शिडीने माडीवर चढले ती ओढून घेतली, आणि वरून आम्हाला सांगतात, पोरांनो, राजकारण नको, अभ्यास करा. करतोय हो अभ्यास. पेपर लिहूनही गैरहजर लागतोय.

विद्यार्थ्यांना नाही तरी निदान पदवीधरांना सिनेटला, म्हणजे विद्यापीठाच्या अधिसभेला मत आहे म्हणे. त्याचं काय होतं तेही बघितलं. मुंबई विद्यापीठाची सिनेटची मुदत २०२२ मध्ये संपली. २०२३ मध्ये निवडणूक जाहीर झाली आणि आठवड्याभरात स्थगित. २०२४ मध्ये २२ सप्टेंबरला मतदान ठरलं, तर ऐन तोंडावर पुन्हा स्थगिती! शेवटी शनिवारी हायकोर्टाने सरकारचे कान धरले तेव्हा २४ तारखेला मतदान झालं. उद्धव ठाकरेंच्या युवासेनेने पदवीधरांच्या दहाच्या दहा जागा घेतल्या, २०१८ सारख्याच. ढकलाढकली का चालली होती ते शाळेतल्या पोरालाही कळेल. दहा जागांना एवढं घाबरता? मी काही युवासेनेची नाही, कोणाचीच नाही, पण हरायची भीती वाटते म्हणून निवडणूकच लांबवायची, हा गल्लीतल्या क्रिकेटमधला डाव झाला. माझी बॅट आहे, मी घरी चाललो.

दिल्ली विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या निवडणुका होतात, पण त्याचं कौतुक सांगायचं नाहीये मला. तिथे विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीची उमेदवारामागे पाच हजारांची खर्चमर्यादा आहे आणि रस्त्यावर पत्रकांचा खच, गाड्यांचे ताफे. पण २०२४ मध्ये तिथल्या हायकोर्टाने मतमोजणीच अडवली. आधी भिंती पुसा, मग मोजा. सप्टेंबरच्या मतदानाचा निकाल लागला नोव्हेंबरच्या शेवटी. म्हणजे घाण केली तर कान पिळायला जागा आहे. आमच्याकडे निवडणूक नाही म्हणून राजकारण नाही असं थोडंच आहे? गेटवर फ्लेक्स आहेच. 'भावी सिनेट सदस्य', गॉगल, खाली अठरा फोटो. आणि निवेदनं! एक कागद, त्याला आठ हात लागलेले, कुलसचिव कडेला उभे, सगळ्यांची मान कॅमेऱ्याकडे. कागदाकडे बघतच नाही कोणी. पुढच्या खेपेला नीट बघा, कधीकधी कागद उलटा असतो.

अशाच एका दादाला गेल्या आठवड्यात रूममेटचं प्रकरण सांगितलं होतं. "ताई, टेन्शन घेऊ नका, आपण विषय लावून धरू." आज सकाळी त्यांचा मेसेज आला. मला वाटलं, झालं काम! उघडून बघते तर, "ताई, पदवीधर मतदार नोंदणी सुरू होईल, पदवी प्रमाणपत्र आणि आधारचा फोटो पाठवून ठेवा. मैत्रिणींचेही पाठवा."

मी मैत्रिणीच्या मार्कशीटचा फोटो पाठवला, एबीला लाल गोल करून.

दोन निळ्या टिका आल्या. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. आता रात्रीचे साडेअकरा झालेत.